खडू आणि रॉकेल

नंबर होता तिथे कानशीचे ओरखडे.
बाकी इंजिन गप्प.
इसेओच्या तळ्यात एका मालवाहू होडीच्या पोटात
चाळीस वर्षं ते रेती ओढत होतं,
त्याआधीचं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या तुल्योनं आठवडाभर मापं घेतली.
आठ सिलिंडर एका रांगेत, चार-चारचे दोन ठोकळे,
मधोमध दातेरी चक्रांची उतरंड,
दट्ट्याचा व्यास एकोणसत्तर, वर अर्धा.
त्या अर्ध्या मिलिमीटरवरून
तूरिनच्या दोघा जाणकारांचं बोलणं बंद झालं.
एक म्हणाला, शर्यतीचंच, पण दोनदाच धावलेलं.
दुसरा म्हणाला, तीन मेलेल्यांचं एक जिवंत केलंय.
मालक गावात्सी दोघांनाही कॉफी पाजत राहिला.
त्याला फक्त एक नाव हवं होतं,
पितळी पाटीवर मावेल एवढं.

मग कुणीतरी एर्सिलियाबाईंना आणलं.
लुमेझ्झानेच्या. वय सत्त्याहत्तर, पायांत लोकरी सपाता.
बाप ओतशाळेत गाभे घडवायचा :
वाळू, जवसाचं तेल, आणि थुंकी, त्या म्हणाल्या.
झडपा त्यांनी पाहिल्याच नाहीत.
मी कॅमशाफ्टवरचं झाकण उचलायला गेलो तर,
"राहू दे, ते इंजिनियरांचं."
बाही कोपरापर्यंत सारली
आणि पाणी शिरतं त्या भोकातून दोन बोटं आत घातली,
वासराच्या तोंडात घालावीत तशी.
मी बॅटरी धरून उभा. त्यांना उजेड नको होता.

बराच वेळ काही नाही.
मग बोटं थांबली. मागे गेली. परत तिथेच आली.
"हा कोपरा चमच्यानं वळवलाय.
बाकीचे लाकडी पट्टीनं वळवायचे.
हा आमच्या घरचा चमचा, एकाच बाजूनं झिजलेला.
आई डावखुरी होती."

गावात्सीनं वही उघडली.
"म्हणजे अस्सल?"
"चमचा अस्सल."
मग, बोटं फडक्याला पुसत,
असे ठोकळे बापानं सोळा केले. एक नापास झाला.
चौथ्या सिलिंडरखाली पाझरतो म्हणाले,
तीन दिवसांची मजुरी कापली.
तो मरेपर्यंत जेवताना मध्येच म्हणायचा,
पाझरत नव्हता.
तो ठोकळा भट्टीत परत जायचा होता.
गेला की कुणी रात्रीचा विकला, कोण जाणे.

"रॉकेल आहे का? आणि खडू?"

वाइनच्या बाटल्यांची बुचं मारून भोकं बंद केली,
आत रॉकेल भरलं,
बाहेरून त्यांनी स्वतः खडू फासला,
बिडाचा काळा ठोकळा शाळेच्या भिंतीसारखा पांढरा झाला.
मग खुर्ची ओढून समोर बसल्या.
तुल्यो माझ्या कानात म्हणाला,
कोरडा राहिला तर अर्थ दोन :
बाप खरा होता, किंवा हा ठोकळाच दुसरा.
ओला झाला तर अर्थ एकच.

साडेअकरा. बारा.
गावात्सी तीनदा सिगारेटला बाहेर.
बाईंनी पाव खाल्ला, नजर न हलवता.

सव्वा वाजता चौथ्या सिलिंडरखाली
मसुरीच्या डाळीएवढा एक करडा ठिपका.
आम्ही कुणी बोललो नाही.
तो डाळीचा वाटाणा झाला.
गावात्सीनं हळूच विचारलं,
नापास, कधीच न धावलेलं, जगात एकच,
मग किंमत वाढते की उतरते?
तुल्योनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाई उठल्या. ठिपक्यावर तळवा ठेवला,
तापात कपाळावर ठेवतात तसा.
"पाझरतोय, बाबा," म्हणाल्या.
आणि दारापर्यंत जाऊन परत वळल्या :
"तो होडीवाला. त्यानं कधी तक्रार केली होती?"

होडीवाला वारला होता. आम्हाला माहीत नव्हतं.
मी त्यांना बसपर्यंत सोडलं.
खिडकीच्या काचेवर त्यांनी हात टेकला
तेव्हा खडूचा पंजा उमटला,
मधोमध थोडासा ओला.